आयएनए२२८: मेमस्टॅट बिट शून्य येतोय, चिप खरंच गेली का?

शंटवाला

१३ सेल सिरीजच्या लिथियम-आयन पॅकवर (पूर्ण चार्जला ५४.६ व्होल्ट) बसवायचे सहा बोर्ड आहेत. प्रत्येकावर एक आयएनए२२८ (करंट आणि व्होल्टेज मोजणारी चिप), हाय साइडला १ मिलिओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर), कमाल करंट ४० अँपिअर. चिपला ३.३ व्होल्ट सप्लाय, आयटूसी (चिपशी बोलायची दोन तारांची बस) ४०० किलोहर्ट्झ, पुल-अप २.२ किलोओहम. दोन्ही अ‍ॅड्रेस पिना ग्राउंडला, म्हणजे पत्ता हेक्स ४०. एडीसीची रेंज ±४०.९६ मिलिव्होल्टची निवडली आहे आणि शंट-कॅल (करंटच्या हिशोबाचं कॅलिब्रेशन) रजिस्टरमध्ये ४००० (दशांशात) लिहितो.

घोळ डायग-अलर्ट रजिस्टरमध्ये आहे (हेक्स ०बी). त्यातला सगळ्यात खालचा बिट मेमस्टॅट, म्हणजे चिपच्या आतल्या मेमरीच्या चेकसमचा. खालचे आकडे हेक्समध्ये आहेत.

क) लिनक्सवाल्या छोट्या बोर्डावरून पायथन स्क्रिप्टने वाचलं तर सहाही बोर्डांवर मेमरी एरर. पाच बोर्डांवर आकडा कधी ०१००, कधी ०३००.

ख) बोर्डावरच्याच एसटीएम३२ (मायक्रोकंट्रोलर) मधून वाचलं तर चार बोर्ड बिनतक्रार. बोर्ड ३ वर मात्र मधूनच ०००० येतं. पूर्ण पॉवर काढून परत दिली की बरा होतो.

ग) बोर्ड ५ वर कुठूनही वाचा, एरर आहेच. एसटीएम३२ वर कायम ०००२. शिवाय बस व्होल्टेज मल्टीमीटरपेक्षा जवळपास दीड व्होल्ट कमी दाखवतो.

कॉन्फिग रजिस्टरमधला रिसेट बिट लिहून पाहिला, बोर्ड ५ वर काही फरक नाही. ही मेमरी आपल्याला परत लिहिता येते का? सहाही चिप बदलायच्या आधी विचारतोय.

---

बिटशिफ्ट

सहा चिप अजिबात काढू नका. तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन वेगळे आहेत, आणि त्यातला निदान पहिला तरी चिपचा नाहीच.

आधी या बिटचा उलटा स्वभाव लक्षात घ्या. त्याच रजिस्टरमधले ओव्हर-लिमिट, अंडर-लिमिट, मॅथ ओव्हरफ्लो वगैरे बिट १ झाले की भानगड. मेमस्टॅटचं बरोबर उलट: १ म्हणजे ठीक, ० म्हणजे चेकसम जुळला नाही. म्हणून या रजिस्टरची रिसेटनंतरची किंमत ०००० नसून ०००१ आहे. ‘रजिस्टर शून्य नसेल तर एरर’ असा कोड लिहिलेला असेल तर चांगली चिप आजारी ठरते. आणि उलट बाजूने, वाचनात काहीही गडबड होऊन शून्य हाती आलं, तरी मेमरीच बिघडल्यासारखं दिसतं. या फ्लॅगच्या बहुतेक तक्रारी या दोन खड्ड्यांपैकी एकात सापडतात.

आता तुमचा (क). ०१०० म्हणजे ०००१ चे दोन बाइट अदलाबदल होऊन आलेत, ०३०० म्हणजे ०००३. चिप वरचा बाइट आधी पाठवते. एसएमबसचं (आयटूसीवरच चालणारा प्रोटोकॉल) वर्ड-रीड पहिला आलेला बाइट खालचा धरतं. त्यामुळे पायथनमधल्या रीड-वर्ड-डेटाने किंवा आयटूसीगेटला शेवटी डब्ल्यू देऊन वाचलं की बाइट पलटतात, आणि खालच्या बिटच्या जागी जे ० दिसतं तो मेमस्टॅट नसतोच. एक तर बाइट पलटा, नाहीतर ब्लॉक-रीडने दोन बाइट सुटे घेऊन पहिला आठ घरं डावीकडे सरकवा. बस व्होल्टेज आणि करंटची रजिस्टरं २४ बिटांची असल्यामुळे तिथे ब्लॉक-रीड लागतंच. मग सगळीकडे तेच वापरा, दोन पद्धती एकत्र ठेवल्या की असा गोंधळ होतोच.

खात्री करायला मॅन्युफॅक्चरर आयडी वाचा, रजिस्टर ३ई. ५४४९ यायला हवं. ही दोन आस्की अक्षरं आहेत, टी आणि आय, म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आद्याक्षरं. ४९५४ आलं तर बाइट उलटे. त्याच्या पुढचं रजिस्टर ३एफ, डिव्हाइस आयडी, तिथे २२८१ हवं. डायग-अलर्ट वाचायच्या लगेच आधी आणि लगेच नंतर हा आयडी बरोबर येत असेल तरच मधल्या आकड्यावर विश्वास ठेवा.

आता कोणता आकडा आला तर काय समजायचं:

०००१ किंवा ०००३ – सगळं ठीक. ३ मधला वरचा बिट कन्व्हर्जन पूर्ण झाल्याचा.

एफएफएफएफ – चिप बोललीच नाही, पुल-अपमुळे लाइन वर राहिली. गंमत अशी की यात मेमस्टॅट १ दिसतो, म्हणजे चिप बोर्डावर नसली तरी तुमची तपासणी ‘ठीक’ म्हणणार!

०००० – याच्यावरून निष्कर्ष काढू नका. बहुतेक वेळा वाचनच झालेलं नसतं.

०००२ – हा खरा संशयास्पद आकडा. कन्व्हर्जनचा बिट १ आलाय म्हणजे चिप जिवंत आहे, बस चालतेय, बाइटही सरळ आहेत. तरीही मेमस्टॅट ०. तुमचा बोर्ड ५ इथे बसतो.

०००० आणि ०००२ वेगळे करायचे असतील तर घाई करू नका. रिसेटनंतर चिप तिन्ही गोष्टी (शंट, बस, तापमान) सलग मोजत असते, प्रत्येकीला १०५२ मायक्रोसेकंद. एक फेरी साधारण ३.२ मिलिसेकंदांची. १० मिलिसेकंद थांबून वाचलं तर कन्व्हर्जनचा बिट वर आलेला असलाच पाहिजे.

---

ओपनड्रेन

(ख) बद्दल. बोर्ड ३ वर ०००० येतं तेव्हा आयडी रजिस्टर काय देतं? आणि कोडमध्ये हालच्या (एसटीएम३२ ची तयार लायब्ररी) मेम-रीड फंक्शनने परत दिलेलं स्टेटस तपासताय का? ते तपासलं नाही तर हमखास असं होतं: बफर शून्याने भरलेला, फंक्शन ‘बिझी’ किंवा ‘एरर’ म्हणून परत येतं, बफरला कोणी हात लावत नाही, आणि पुढचा कोड ते शून्य रजिस्टरची किंमत म्हणून वापरतो. मेमस्टॅट ०, मेमरी एरर. चिपचा काही संबंध नाही.

पॉवर काढल्यावर बरा होतो यावरून मला वाटतं एसडीए (आयटूसीची डेटा लाइन) खाली अडकतेय. कंट्रोलर वाचनाच्या मधेच रिसेट झाला तर आयएनए२२८ ला त्याचा पत्ता नसतो, कारण तिची पॉवर गेलेली नसते. ती एखादा ० बिट पाठवत असते आणि पुढच्या क्लॉकची वाट बघत एसडीए खाली धरून बसते. कंट्रोलर परत उठतो, त्याला बस बिझी दिसते, आणि क्लॉक कोणीच देत नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

उपाय सुरुवातीच्या कोडमध्ये, आयटूसी पेरिफेरल चालू करायच्या आधी:

१. एससीएल (क्लॉक लाइन) आणि एसडीए दोन्ही साध्या जीपीआयओ म्हणून ओपन-ड्रेन करा, दोन्ही वर सोडा.
२. एसडीए खाली असेल तर एससीएलवर जास्तीत जास्त ९ पल्स द्या, साधारण ५ मायक्रोसेकंद खाली आणि ५ वर. प्रत्येक पल्सनंतर एसडीए बघा, वर आली की थांबा.
३. मग स्टॉप द्या: एससीएल खाली असताना एसडीए खाली घ्या, एससीएल वर सोडा, त्यानंतर एसडीए वर.
४. आता पिना पेरिफेरलकडे द्या, पेरिफेरल सॉफ्टवेअर रिसेट करा आणि आयडी वाचा.

९ च का, तर आठ बिट डेटाचे आणि नववा अ‍ॅकनॉलेजचा. नवव्याला एसडीए वर असली की चिप त्याला ‘बास’ समजते आणि लाइन सोडते.

आणखी एक. एसटीएम३२ च्या हाल फंक्शनला पत्ता एक घर डावीकडे सरकवून द्यायचा असतो, म्हणजे ४० नाही, ८०. तुमचे बाकीचे बोर्ड चालतात म्हणजे ते बरोबरच असणार, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला ०००० येत असेल तर आधी हे बघा.

---

शंटवाला

बाइट सरळ केले. (क) मिटला: पाच बोर्ड ०००३, बोर्ड ५ कडून ०००२. आयडी सगळीकडे ५४४९ आणि २२८१.

बोर्ड ३: स्टेटस तपासत नव्हतो, चूक माझी. आता तपासलं तर ०००० येतं तेव्हा फंक्शन ‘बिझी’ म्हणून परत येतं. लॉजिक अ‍ॅनालायझर लावला, एसडीए सलग खाली. या बोर्डाला डीबगर कायम जोडलेला असतो, त्यामुळे तोच सारखा मधेच रिसेट होतो. नऊ पल्सचा कोड टाकून २०० वेळा रिसेट केला, एकदाही ०००० आलं नाही.

राहिला बोर्ड ५.

---

टाकाघट्ट

बोर्ड ५ वर चिप बदलावी लागणार असं दिसतंय, पण बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा. नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.

पहिली, सप्लाय. चिपला २.७ ते ५.५ व्होल्ट चालतात. ३.३ ची लाइन रेडिओ मॉड्यूल किंवा रिलेसोबत वाटून घेतली असेल तर क्षणभराचा खड्डा मल्टीमीटरवर दिसत नाही. स्कोपचा प्रोब थेट चिपच्या व्हीएस (सप्लाय) पिनवर लावा, ग्राउंडला लांब वायर नको, छोटी स्प्रिंग वापरा, आणि २.८ व्होल्टवर उतरत्या कडेचा सिंगल-शॉट ट्रिगर ठेवा. ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पिनेला अगदी खेटून आहे ना, तेही बघा. मग पॉवर बंद असताना त्याच पिनवर डीसी मोजा. जवळपास शून्य हवं. एखादा व्होल्ट रेंगाळत असेल तर चिपला दुसऱ्या कुठल्यातरी पिनेतून चोरून पॉवर मिळतेय, आणि तुम्ही ज्याला पॉवर-सायकल म्हणताय तो पूर्ण होतच नाही. निकाल देण्याआधी व्हीएस ०.२ व्होल्टच्या खाली किमान काही सेकंद ठेवून मग चालू करा. रिसेट बिट म्हणजे पॉवर-सायकल नव्हे.

दुसरी, पहिलं वाचन. पॉवर आल्यावर काहीही न लिहिता डायग-अलर्ट वाचा. मग तुमचं नेहमीचं सेटिंग लिहा आणि परत वाचा. आधी ०००३ आणि लिहिल्यावर ०००२ येत असेल तर दोष तुम्ही लिहिलेल्या आकड्यात शोधा. अलर्ट लॅच आणि स्लो-अलर्ट चालू करायला लोक सर्रास ए००० लिहितात. ए००१ लिहा, खालचा बिट १ च ठेवा. सगळ्या बोर्डांवर तेच फर्मवेअर असल्यामुळे तुमच्याकडे हे कारण असेल असं वाटत नाही, पण एका मिनिटाचं काम आहे.

तिसरी, आणि माझा संशय इथेच आहे: पॅक चालू स्थितीत जोडलात का? चिपच्या इनपुट पिनांची मर्यादा ८५ व्होल्ट आहे. ५४ व्होल्टचा पॅक, अर्धा मीटर वायर आणि बोर्डावर फक्त सिरॅमिक कॅपॅसिटर असं असेल तर कनेक्टर लागताक्षणी वायरचं इंडक्टन्स आणि तो कॅपॅसिटर मिळून रिंग करतात. डॅम्पिंग नसेल तर शिखर सप्लायच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे १०८ व्होल्ट. सिरॅमिकचा ईएसआर (आतला सिरीज रेझिस्टन्स) नगण्य, त्यामुळे डॅम्पिंग जवळपास नसतंच. त्यात भर म्हणजे डीसी व्होल्टेज चढलं की सिरॅमिकची क्षमता घटते आणि शिखर दुपटीच्याही वर सरकू शकतं.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे, ग्राउंडच्या खाली फक्त ०.३ व्होल्ट. हाय साइड शंटच्या पुढे मोटर किंवा लांब केबल असेल आणि स्विच शंटच्या आधी असेल, तर तो उघडताच शंटच्या दोन्ही पिना खाली खेचल्या जातात. तिथे लोडला समांतर फ्रीव्हील डायोड हवाच.

---

शंटवाला

चिप बदलायच्या आधी बोर्ड ५ तपासला. व्हीएस वर खड्डा नाही, सर्वात कमी ३.२१ व्होल्ट. बंद असताना ०.०३. काही न लिहिता पहिलंच वाचन ०००२.

मग त्याच बनावटीच्या रिकाम्या बोर्डावर (चिप न लावलेल्या) पॅक जोडून इन-प्लस पॅडवर स्कोप लावला. ५४ व्होल्टच्या पॅकवर शिखर ९७ व्होल्ट! इनपुटला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच सिरॅमिक आहे. शंटपासून चिपपर्यंत सिरीज रेझिस्टर नाहीत, ट्रॅक थेट नेलेत.

मग एकाच बोर्डाची चिप का गेली?

---

टाकाघट्ट

कारण ८५ ही हमीची हद्द आहे, फुटायचा नेमका आकडा नाही. चार वेळा ९७ खाऊन एखादी चिप तगते, पाचव्याला दुसरी जाते. बाकीच्या पाच चिपनीही हेच झटके खाल्लेत. त्यांचे फ्लॅग ठीक असले तरी बस व्होल्टेज आणि शून्य करंटचा ऑफसेट मोजून घ्या. फ्लॅग फक्त मेमरीच्या चेकसमबद्दल बोलतो. इनपुटची गळती वाढली असेल तर त्याला कळायचं कारण नाही.

दुरुस्ती या क्रमाने करा.

आधी डॅम्पिंग. इनपुटला सिरॅमिकसोबत साधा अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक, ४७ ते १०० मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा. त्याचा ईएसआर इथे उपयोगाचा आहे, त्यामुळे ‘लो ईएसआर’ घेऊ नका. एवढ्यानेच रिंगिंग बरंच बसतं.

मग टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका दाबणारा). ५४.६ साठी एसएमबीजे५८ए लोक डोळे झाकून लावतात. ब्रेकडाउन ६४.४ ते ७१.२ व्होल्ट, ठीक. पण पूर्ण पल्स करंटला (६.४ अँपिअर) त्याचं क्लॅम्प व्होल्टेज ९३.६ आहे, म्हणजे ८५ च्या वर. एकट्या टीव्हीएसवर भिस्त ठेवू नका, इलेक्ट्रोलिटिकने आधी जोर कमी होऊ द्या.

आणि सिरीज रेझिस्टर: इन-प्लस आणि इन-मायनस दोन्हीला १० ओहम, दोन्हींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. या चिपचा बायस करंट नॅनोअँपिअरमध्ये असतो, त्यामुळे १० ओहमने मापनात चूक येत नाही. बस पिनला १०० ओहम चालेल. तिचं इनपुट साधारण १ मेगाओहमचं, फरक ०.०१ टक्का.

टीव्हीएस मात्र मुख्य लाइनवर, शंटच्या आधी. १० ओहमच्या पुढे, चिपच्या पिनेवर लावायचा मोह होतो कारण तिथे जागा असते आणि करंटही मर्यादित असतो. पण टीव्हीएसची गळती मग त्या १० ओहममधून जाते. दर मायक्रोअँपिअर गळतीला १० मायक्रोव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे तुमच्या १ मिलिओहम शंटवर १० मिलिअँपिअरचा खोटा करंट. तोही तापमानासोबत वाढणारा. चिपचा स्वतःचा ऑफसेट १ मायक्रोव्होल्टच्या आत असताना ही उधळपट्टी कशाला?

---

पाचवाबिट

एक शंका. मेमस्टॅट ० असूनही चिप सगळी रजिस्टरं देतेय, चूक दीड व्होल्टची आणि स्थिर आहे. मग शंट-कॅल थोडं बदलून आणि बस व्होल्टेजला सॉफ्टवेअरमध्ये गुणक लावून वापरली तर? प्रोटोटाइप आहे, चिप काढायला हॉट एअर लागतो.

---

बिटशिफ्ट

नको. या फ्लॅगमागे जी मेमरी आहे तिच्यात फॅक्टरीत बसवलेले ट्रिम (त्या चिपची चूक सुधारणारे आकडे) असतात. चिपची ०.०५ टक्क्याची गेन अचूकता त्या ट्रिमवर उभी असते. ४८ व्होल्टला ०.०५ टक्के म्हणजे २४ मिलिव्होल्ट, आणि इथे दीड व्होल्टची चूक आहे. ट्रिममधला कुठला बिट पालटलाय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. २५ अंशाला लावलेला गुणक ५० अंशाला टिकेल याची काय खात्री? चार्ज आणि एनर्जीची बेरीज चिपच्या आतल्या घड्याळावर चालते. ते सरकलं असेल तर अँपिअर-तास चुकतील आणि करंट बरोबर दिसत राहील.

शंट-कॅलने हे झाकताही येत नाही. शंट-कॅलचा परिणाम फक्त हिशोबाने येणाऱ्या रजिस्टरांवर होतो: करंट, पॉवर, एनर्जी, चार्ज. शंट व्होल्टेज, बस व्होल्टेज आणि त्यांच्या अलर्ट मर्यादा जशाच्या तशा चुकत राहतात. बस ओव्हर-लिमिट तुम्ही ५५ व्होल्टला ठेवली (३.१२५ मिलिव्होल्टच्या पायरीने १७६००), आणि चिप दीड व्होल्ट कमी वाचतेय, तर अलर्ट ५६.५ ला येईल. १३ सेलच्या पॅकला ते प्रति सेल ४.३५ च्या आसपास जातं. प्रोटोटाइप असला तरी सेल खरे आहेत.

मूळ प्रश्नाचं उत्तरही राहिलंच होतं: नाही, ही मेमरी वापरणाऱ्याला लिहिता येत नाही. तिच्यासाठी रजिस्टर नाही. आपण लिहितो ती कॉन्फिग, शंट-कॅल, मर्यादा ही सगळी पॉवर गेली की पुसली जाणारी रजिस्टरं आहेत, आणि मेमस्टॅट त्यांची राखण करत नाही.

यातूनच एक वेगळा बिघाड निघतो, ज्याला लोक चुकून मेमरी एरर म्हणतात. सप्लायच्या खड्ड्यात फक्त आयएनए२२८ रिसेट झाली आणि कंट्रोलर चालूच राहिला, तर मेमस्टॅट १, आयडी बरोबर, आणि करंट भलताच. शंट-कॅल डिफॉल्टला, म्हणजे ४०९६ ला जातं. शंटवाला, तुमच्या ४००० शी तुलना केली तर फरक अडीच टक्क्यांचाही नाही असं वाटेल. पण त्याच रिसेटमध्ये एडीसी रेंजही ±१६३.८४ मिलिव्होल्टवर परतते, आणि त्या रेंजला तुमच्या ४० अँपिअरच्या हिशोबाने शंट-कॅल १००० लागतं. म्हणजे १० अँपिअर वाहताना जवळपास २.४ दिसणार. डायग-अलर्टसोबत शंट-कॅल आणि कॉन्फिग दर वेळी परत वाचून ताडून बघा. अपेक्षित आकडा नसेल तर सेटिंग पुन्हा लिहा आणि एनर्जी-चार्जची बेरीज तुटल्याची नोंद करा, ती शून्यापासून सुरू झालेली असते.

---

शंटवाला

बोर्ड ५ ची चिप बदलली. पहिलंच वाचन ०००३. ४८.००० व्होल्टच्या बेंच सप्लायवर बस रजिस्टर ३सी००००च्या आसपास, फरक १० मिलिव्होल्टच्या आत. १०० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक लावून रिकाम्या बोर्डावरचं शिखर ९७ वरून ६८ वर आलं. टीव्हीएस आणि १० ओहमसाठी बोर्डाची पुढची आवृत्ती करावी लागेल.

जुन्या पाच बोर्डांवर शून्य करंटचा ऑफसेट मोजला. चार ठीक, बोर्ड २ वर ९ मायक्रोव्होल्ट, फ्लॅग मात्र व्यवस्थित. तीही बदलतोय.

फर्मवेअरमध्ये हा फ्लॅग किती वेळा बघावा? आणि ० आला तर काय करावं?

---

ओपनड्रेन

सुरुवातीला एकदा, मग मिनिटाला एकदा पुरे. दर कन्व्हर्जनला वाचू नका. लॅच मोडमध्ये हे रजिस्टर वाचलं की धरून ठेवलेले अलर्टचे बिट पुसले जातात, आणि मेमरी तपासायच्या नादात ओव्हर-व्होल्टेजची खूण हरवते. एकाच ठिकाणी वाचा, आलेला आकडा कच्चा साठवा, आणि सगळे बिट त्या साठवलेल्या आकड्यातूनच काढा.

एका वाचनावर निकाल नको. आयडी बरोबर, स्टेटस ठीक, मेमस्टॅट ०, असं १० मिलिसेकंदांच्या अंतराने सलग तीनदा आलं तरच एरर धरा. लॉगमध्ये ‘मेमरी एरर’ एवढंच लिहू नका, पूर्ण १६ बिटांचा आकडा लिहा. या धाग्यातल्या तीनही भानगडी त्या आकड्यावरूनच वेगळ्या झाल्या. स्टेटस ठीक नसेल तर तो बसचा बिघाड, त्याची नोंद वेगळी.

एरर पक्की झाली तर चिपला पुन्हा पुन्हा रिसेट देत बसू नका. पॉवर-सायकल करता येत असेल तर एकदा करा, नंतर त्या चिपची सगळी मापनं अविश्वसनीय म्हणून चिन्हांकित करा. पॅकचं चार्जिंग फक्त याच चिपच्या भरवशावर असेल तर चार्जिंग थांबवा. सेल-मॉनिटर वेगळा असेल तर त्याच्या आकड्यांवर मर्यादित करंटने चालू ठेवायला हरकत नाही.

आणि बदलीच्या चिप तयार मॉड्यूलवरून काढून लावणार असाल तर आधी आयडी वाचा. आयएनए२३७ आणि २३८ मध्येही हाच बिट याच जागी आहे, पण त्या १६ बिटांच्या, २०च्या नव्हेत. २३८ चा आयडी २३८१ येतो. आयएनए२२६ असेल तर ०बी नावाचं रजिस्टरच नाही. तिचा आयडी एफई आणि एफएफ या पत्त्यांवर, ५४४९ आणि २२६०, आणि तिच्या अलर्ट रजिस्टरमधला सगळ्यात खालचा बिट अलर्ट लॅच चालू करायचा, डिफॉल्टला ०. तो मेमस्टॅट समजून वाचलात तर चांगली २२६ आयुष्यभर मेमरी एरर दाखवत राहील.